भावकीतला निघाला आणि १,६५,००० घेऊन गेला

हे लिहायला चार महिने लागले आणि त्यातले तीन नुसत्या लाजेत गेले. घरचे म्हणत होते, झालं ते झालं, आता गावभर कशाला करता. पण मागच्या महिन्यात चिपळूणकडच्या एका ओळखीच्यांचा फोन आला. त्यांच्या घरीही असाच एक 'भाऊ' जेवून गेलाय आणि पुढच्या आठवड्यात कागद घेऊन येणार आहे म्हणे. तेव्हा म्हटलं, आता लाज बाजूला ठेवू.

मी डोंबिवलीत राहतो. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. गावाचं नाव देत नाही, कारण गाववाल्यांची आमच्यावरून पुरेशी करमणूक आधीच झाली आहे. वडील गिरणीत होते, मी नोकरी करून निवृत्त झालो. गावच्या घरात चुलतभाऊ राहतो, आम्ही शिमग्याला आणि गणपतीला जातो. जमीन म्हणाल तर सातबारावर चाळीसेक नावं आहेत आणि त्यातली निम्मी माणसं कधीच वर गेली. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

२०२५ च्या शिमग्याला मी एकटाच निघालो होतो, दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरने. पहाटे चारला जाऊन खिडकी मिळवली होती, म्हणून जरा खुशीत होतो. समोर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. साधा शर्ट, पायात चामड्याच्या चपला, हातात काही नाही. रोह्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. कोलाडच्या पुढे गाडी क्रॉसिंगला उभी राहिली, वीस मिनिटं झाली तरी हलेना, आणि मग डब्यात जशा गप्पा सुरू होतात तशा झाल्या.

माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. आमच्या मुंबई मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात वाटलेली. तिच्यावर देवीचं नाव, वाडीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं लाल अक्षरात छापलेलं. मंडळवाल्यांनी माझा रक्तगट तेवढा छापायचा ठेवला होता.

तो पिशवीकडे बघत होता. मग म्हणाला, "वाघजाई? म्हणजे तुम्ही तिकडचे?"

मी हो म्हणालो. तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आम्हीपण मूळचे तिकडचेच असं आजी सांगायची."

त्याची हकीकत अशी. त्याचे पणजोबा खोताशी भांडण होऊन रातोरात गाव सोडून घाटावर गेले, कोल्हापूरच्या बाजूला. तिथे ज्या गावात राहिले त्या गावावरून आडनाव पडलं. मूळ आडनाव वेगळं होतं. कुठलं, ते त्याने सांगितलं नाही. माझं विचारलं. मी सांगितल्यावर त्याने माझा हात धरला.

नंतर, म्हणजे सगळं उरकल्यावर, मी एक रात्र बसून त्या गाडीतलं बोलणं जसं आठवलं तसं वहीत उतरवून काढलं. डावीकडे तो काय बोलला, उजवीकडे मी काय बोललो. उजवी बाजू पानभर भरली. डाव्या बाजूला जेमतेम आठ-दहा ओळी, आणि त्यातल्या निम्म्या 'हो ना', 'बरोबर', 'तेच म्हणतो मी'. पणजोबांचं नाव त्याला नीट आठवत नव्हतं, आजीच्या तोंडी 'रा'वरून काहीतरी यायचं म्हणाला. मी म्हटलं, रामजी? "रामजीच!" आता रामजी, रावजी, राघो यांतलं एकही नाव नाही असं जुनं घर आमच्या तालुक्यात दाखवा. घर कुठे असेल म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "खालच्या वाडीत म्हणायची आजी, जवळच व्हाळ होता." खालची वाडी आणि व्हाळ, म्हणजे ओढा, नाही असं गाव कोकण रेल्वेच्या दोन्ही बाजूंना मला तरी माहीत नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर आमचीच खालची वाडी आणि आमचाच व्हाळ. लहानपणी खेकडे पकडायचो तो.

एक चूक त्याने केली होती आणि ती मला तिथेच कळली होती. तो म्हणाला, "यंदा पौर्णिमेच्या होमाला देवीला येईन म्हणतो." आमचा शिमगा तेरसा. होळीचा होम त्रयोदशीला होतो. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे शिमगे तेरसे आणि काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे, आणि आपल्या गावचा कुठला हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं, कारण मुंबईहून यायची रजा त्यावर ठरते. पण मी काय केलं? मीच त्याला सावरून घेतलं. "अहो, घाटावर वाढलात, तुम्हाला कसं ठाऊक असणार," म्हणून तेरसे आणि भद्रेचे यांतला फरक, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, कधी बसते, कुठल्या घरचा कुठला मान, सगळं त्याला समजावून सांगितलं. चिपळूणला उतरताना त्याने माझा नंबर घेतला. देवळात तो आला नाही. मला वाईट वाटलं होतं, हे आज लिहिताना कसंतरी होतं.

पंधरा दिवसांनी फोन आला, आणि एप्रिलमध्ये तो डोंबिवलीला घरी आला. येताना गुळाची ढेप आणि घरची म्हणून कांदालसूण चटणी. मला दादा, बायकोला वहिनी. आता त्याच्याकडे माझ्या आजोबांचं पूर्ण नाव होतं, त्यांच्या भावांची नावं होती, आमच्या जमिनीचे गट नंबर होते. मी थक्क. "मी शोधत होतो दादा, तुम्ही भेटल्यापासून झोप नाही." आज कळतं की त्यासाठी झोपमोड करायचं कारणच नव्हतं. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनाव टाकलं की त्या आडनावाचे खातेदार समोर येतात. सातबारा बघायला कुणाची परवानगी लागत नाही, सही असलेला हवा तर पंधरा रुपये. आणि आमच्या मंडळाची स्मरणिका आहे. तिच्यात सभासदांची नावं, मुंबईचे पत्ते, फोन, दिवंगतांचे फोटो. अशा स्मरणिका गावच्या प्रत्येक घरात फळीवर पडलेल्या असतात.

तरीही तेवढ्यावर मी लाखभर रुपये दिले नसते. दिले ते आईमुळे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आईच्या समोर जे झालं त्यामुळे.

आई शहाऐंशीची आहे. दिसतं कमी, पण डोकं लख्ख. आमच्याकडे काही घराण्यांसारखे छापील कुलवृत्तांत नाहीत, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत आमच्यातलं कोणी नाव घालून आलेलं नाही. आमची वंशावळ म्हणजे आई. तिने त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि गावात कुठल्याही नव्या माणसाला विचारतात तेच विचारलं, "कोनाचा रं तू?"

तो खाली बसला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "काकी, ते तुम्हीच सांगा. मी तेच विचारायला आलोय."

आणि तिने सांगितलं. दोन तास सांगत होती. त्याने पिशवीतून मोठा ड्रॉइंग पेपर काढला, जमिनीवर अंथरला, आणि पट्टी लावून रेघा मारत गेला. कोण कुणाचा, कुणाला दोन बायका, कुठली आत्या कुठे दिली, कुठलं पोर देवीच्या साथीत गेलं. मलासुद्धा माहीत नव्हती अशी नावं. एका भावाबद्दल आई म्हणाली की तो लहानपणी कुठेतरी गेला तो परत आलाच नाही, मुंबईला गेला म्हणतात, बोटीवर गेला म्हणतात. त्याची पेन्सिल तिथे थांबली. मग त्याने त्या नावाखाली एक रेघ ओढली, तिच्या टोकाला आपल्या पणजोबांचं नाव लिहिलं आणि रडायला लागला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याही डोळ्यांत पाणी.

पण बाई हुशार. तो गेल्यावर मला म्हणाली, "यांच्या घरचं कोणीतरी फोनवर बोलेल का? त्यांची बायको, मुलगी, कोणीपण." मी तिच्यावर ओरडलो. तुला माझ्याकडचं कोणी आलेलं चालतच नाही, असलं काहीतरी बोललो. तीस वर्षांच्या संसारात ते वाक्य मी बरेचदा वापरलंय, पण इतकं महाग कधी पडलं नव्हतं.

पैशाची गोष्ट त्याने स्वतःसाठी कधीच काढली नाही, हे लक्षात ठेवा. त्याला जमिनीत वाटा नको होता. उलट म्हणायचा, "माझं नाव लावू नका दादा, मला फक्त देवीपुढे नारळ ठेवायचा हक्क पाहिजे." काळजी आमची. तेव्हा सरकारची 'जिवंत सातबारा' मोहीम नुकतीच राज्यभर सुरू झाली होती, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची. मोहीम खरी, बातम्या खऱ्या, पेपरात रोज येत होतं. तो म्हणाला, आत्ता नाव लागलं तर लागलं, नाहीतर ज्यांची नावं लागतील ते उद्या तुम्हाला दारात उभे करणार नाहीत. माझी ओळख आहे, मी बघतो.

आधी मोडीचा कागद आला. जुन्या एकत्र वाटपाचा दस्त सापडलाय, तो मोडीत आहे, वाचून लिप्यंतर करून घ्यायला १२,०००. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली होती ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे रक्कम मला खोटी वाटली नाही. कागदाची झेरॉक्स त्याने मला दिली. मी ती देवघरात ठेवली. मग मोजणीचे २८,०००. हे दोन्ही मी मोबाइलवरून पाठवले, खात्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं होतं, "आपल्याच मोजणीवाल्याचं." मग साहेबांचे म्हणून ४५,०००, रोख. कुठल्या साहेबाचे ते मी विचारलं नाही, कारण मलाही मनातून ते काम आडमार्गाने लवकर व्हावं असंच वाटत होतं, हे कबूल करतो. शेवटी ८०,०००, तेही रोख. एक दूरचा खातेदार हक्कसोड करायला तयार आहे, पण आज पैसे हातात पडले तरच.

एकदाही पावती मागितली नाही. मागणार कशी? भावाकडून पावती घ्यायची म्हणजे आईच्या त्या दोन तासांवर संशय घेतल्यासारखं वाटायचं. बँकेतल्या कारकुनाला मी तीन वेळा नोटा मोजायला लावतो.

वर त्याने माझ्याकडून पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'संमती' म्हणून सही घेतली आणि आधारची झेरॉक्स. त्या कागदावर वरचा मजकूर काय होता ते मी नीट वाचलं नाही. याचा घोर मला पैशांपेक्षा जास्त लागला.

गणपतीला, ऑगस्टच्या शेवटी, गावी गेलो. पहिल्या रात्री आरती झाल्यावर ओटीवर बसलो असताना चुलतभाऊ हळूच म्हणाला, "त्या आपल्या कोल्हापूरवाल्याचं काय झालं रे? माझे साठ हजार आहेत त्याच्याकडे." मी म्हटलं, तुला तो कुठे भेटला? तर म्हणाला, तूच पाठवलास ना. माझं नाव सांगून तो मे महिन्यात गावी येऊन गेला होता, आणि मी चौकशी केली असणार म्हणून चुलतभावाने केली नव्हती. मला तो सांगायचा, गावच्या दादांना सगळं पटलंय. म्हणून मी केली नव्हती. दोन भाऊ, रोज फोन नाही, त्याच्या मधल्या फटीत तो राहत होता.

दोन दिवसांनी तलाठी कार्यालयात गेलो, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांनी वारस नोंदवही दाखवली. आमच्या नावाचा अर्जच नाही. अर्ज नाही म्हणजे फेरफार नाही, फेरफार नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. त्यांनीच समजावून सांगितलं की वारस नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. घरबसल्या ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. यात ऐंशी हजारांची पायरी कुठे येते असं मी विचारलं, तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मोडीचा कागद रत्नागिरीत एका जाणकारांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं वाचला आणि विचारलं, "तुमच्या घरी म्हैस होती का?" तो म्हशीच्या विक्रीचा कागद होता. म्हैस काळी, कपाळावर पांढरा चांद, दुसऱ्याच तालुक्यातली. चार महिने मी तिला उदबत्ती ओवाळत होतो.

फोन अर्थातच बंद.

पोलिसांत गेलो. हवालदार भला माणूस होता, चहा दिला. नाव काय? सांगितलं. पत्ता? नाही. फोटो? नाही. म्हणजे होता, आईच्या शेजारी बसलेला, पण तो त्याच्याच मोबाइलवर काढला होता. मला त्याच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येत होतं, त्याची गल्ली सांगता येत नव्हती. तक्रार घेतली, नव्या न्याय संहितेचं कलम ३१८, आपलं जुनं चारशेवीस. मोबाइलवरून पाठवलेल्या चाळीस हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करायला सांगितलं, मी केला, पण ते खातं केव्हाच रिकामं झालं होतं. हा नंबर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात लावायचा असतो, तरच बँकेला पैसे अडवता येतात. मी चार महिन्यांनी लावला. रोख गेलेल्या सव्वा लाखाला तर काही मागमूसच नाही.

स्टॅम्प पेपरच्या सहीबद्दल वकिलाच्या सल्ल्याने मी आणि चुलतभावाने तलाठी, तहसील आणि दुय्यम निबंधक, तिन्ही ठिकाणी लेखी हरकत दिली. आमच्या नावाने कुठलाही दस्त आला तर आम्हाला कळवावं म्हणून. पोच घेतली. आता सगळ्याची पोच घेतो. दर महिन्याला सातबारा उघडून फेरफार आलाय का ते बघतो, दूध आणायला जावं तसं.

चिपळूणच्या त्या ओळखीच्यांना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे सांगतो. समोरचा गाववाला आहे म्हणाला तर तुम्ही गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. पिशवी उलटी करून ठेवा. 'रा'वरून नाव आहे म्हणाला तर पुढची अक्षरं त्यालाच भरू द्या. देवीचं नाव विचारून उपयोग नाही, ते कुठूनही मिळतं. विचारा की तुमचे शिमगे तेरसे की भद्रेचे, पालखी आधी कुणाच्या दारात जाते, आणि त्याच्या घरची कुठली बाई आपल्या गावात दिली किंवा आपल्या गावातून नेली. बायकांची माहेरं स्मरणिकेत छापत नाहीत आणि सातबारावरून कळत नाहीत. आणि त्याच्यासमोरच गावच्या गुरवाला फोन लावा. खरा भाऊ असेल तर त्याला राग येणार नाही. आला तर जेवून जा म्हणावं, कागद पुढच्या खेपेला.

आईला आम्ही सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "रडला तो खरा रडला रं." त्यावर मी वाद घातला नाही.

तो ड्रॉइंग पेपर आता पोलिसांच्या फाइलमध्ये आहे, त्याचं अक्षर म्हणून. देण्याआधी मी त्याची मोठी झेरॉक्स काढून घेतली. गावच्या भावाला एक प्रत दिली, पुण्याच्या पुतण्याला एक. आईने सांगितलेली सगळी नावं त्यावर आहेत आणि ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत. त्याच्या फांदीवर मी पांढरी शाई लावायला घेतली होती. पण त्या फांदीच्या वरच घर सोडून गेलेल्या त्या पोराचं नाव आहे, आणि ते नाव आईचं आहे. म्हणून त्याच्याखालची रेघ तेवढी खोडली.